लिस्बनमध्ये आईला घेऊन एक दिवस पायी खादाडी: सुरुवात कुठून करू?

सांगलीची_मिरची
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये नवऱ्याची कॉन्फरन्स लिस्बनला आहे. तो दिवसभर हॉलमध्ये, मी आणि आई (वय 67) मोकळ्या. त्यातला एक अख्खा दिवस पायी हिंडत खायचा बेत आहे. गाईडच्या छत्रीमागे पळायचं नाही, वाटेल तिथे थांबायचंय. अडचणी दोन. मी मासे खाते, पण आई शाकाहारी: केकमधलं अंडं चालतं, ताटातलं नाही. आणि दुसरी, तिचा डावा गुडघा. नेटवर याद्या ढिगाने आहेत, पण सगळ्यांत तीच दहा नावं. ती कुठल्या क्रमाने गाठायची हे कुणीच सांगत नाही.

वेंगुर्लेकरीण
बाय गो, अगदी योग्य प्रश्न विचारलास. मी सहा वर्षं लिस्बनला आहे आणि दर पाहुण्यामागे हाच दिवस काढते.

नकाशा बघून अंतर ठरवू नकोस. नकाशावर बोटभर दिसतं तिथे प्रत्यक्षात शंभर पायऱ्या निघतात. माझा नियम एकच: सकाळी वाहनाने वर जायचं आणि खात खात खाली उतरायचं.

साडेआठच्या आत मार्तीं मुनीझला 28 नंबरची ट्राम पकडा. उशीर केलात तर रांग, आणि त्या गर्दीत खिसेकापूही असतात. ग्रासाला, म्हणजे टेकडीवरच्या भागात, उतरून कुठल्याही साध्या पाश्तेलारीयात (केक-कॉफीच्या दुकानात) शिरा आणि काउंटरला उभं राहून बीका मागा. लिस्बनकर एस्प्रेसोला बीका म्हणतात. बाहेरच्या टेबलावर बसलात की बऱ्याच ठिकाणी तोच कप महाग होतो. आईला तोर्रादा घे, म्हणजे जाड पावाचे भाजून लोणी थापलेले तुकडे. काचेमागे शमूसा दिसेल. हो, आपलाच समोसा, गोवा-मोझांबिकमार्गे आलेला. पण आत बहुतेक खिमा असतो, आईला नको.

मग पायऱ्यांनी खाली मौरारिया वस्तीत. वर कॉफीचा वास, खाली आलात की जिऱ्याचा. बांगलादेशी वाण्यांची दुकानं आहेत, माझी तूरडाळ आणि भेंडी तिथूनच येते. पुढे प्रासा द फिगेराला 1829 पासूनचं मिठाईचं दुकान, कन्फैतारीया नासियोनाल. तिथून जवळच सांव दुमिंगुश चर्च. 1959 च्या आगीत जळालं होतं, आतले तडकलेले खांब तसेच ठेवलेत. नुसतं खात सुटू नका, पाच मिनिटं आत बसा. बाहेर चौकात 1840 चं एवढंसं दुकान आहे, तिथे झिंझीन्या मिळते: आंबट चेरीची गोडसर दारू. ‘कों एलश’ म्हटलं की ग्लासात चेरीही पडतात, ‘सें एलश’ म्हटलं की नुसती दारू.

जेवण साडेबारालाच उरका. टास्का म्हणजे इथली खाणावळ. दारावर हाताने लिहिलेला कागद असेल, त्यावर ‘प्रातु दु दिया’, आजचं ताट. ‘मेया दोझ’, म्हणजे अर्धी प्लेट, मागायला लाजू नका, अर्धीही भरपूर असते. तू भाजलेला मासा घे. ताज्या सार्डिनचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर, ऑक्टोबरमध्ये त्याचा हट्ट धरू नकोस. त्याऐवजी रुआ दुश बाकल्यवैरुशवर 1930 पासूनचं डबाबंद माशांचं दुकान आहे, कोन्सेर्व्हैरा द लिज्बोआ. डबे अजून हाताने कागदात गुंडाळून देतात. मी माहेरी दर वेळी तेच नेते.

आईसाठी ‘पैशिन्युश द ओर्ता’. शब्दशः अर्थ मळ्यातले छोटे मासे, पण असते फरसबीची भजी! जपानी तेंपुरा यातूनच निघाला म्हणतात. पिठात कधी कधी अंडं घालतात, तेवढं विचार. काल्दु व्हेर्द हे बटाटा आणि हिरव्या पानांचं सूप, पण वर शोरीसुची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती टाकतात. गोव्यातलं चोरीस ते हेच नाव. ‘सें शोरीसु’ म्हटलंस तरी पातेल्यात आधीच शिजलं असेल तर उपयोग नाही. साधं भाजीचं सूपही मांसाच्या पाण्यात केलेलं नाही ना, एवढं विचारून घे. आणि चीज जरूर घे: सेर्रा द इश्त्रेलाचं दूध प्राण्याच्या पोटातल्या रेनेटने (दूध विरजणाऱ्या रसाने) नाही, एका काटेरी फुलाच्या केसरांनी विरजतात.

गुडघेदुखी_क्लब
बेत झकास, पण ताई, गुडघ्याला चढापेक्षा उतारच जड जातो. आम्ही मागच्या वर्षी हेच केलं. त्यात इथले फुटपाथ पांढऱ्या-काळ्या गुळगुळीत दगडांचे, जरा पाऊस पडला की साबण लावल्यासारखे. सौभाग्यवती घसरल्या, पुढचे दोन दिवस हॉटेलातच गेले. काकूंना रबरी तळव्याचे बूट घाला आणि पायऱ्या टाळा.

वेंगुर्लेकरीण
बरोबर. माझे पाहुणे तिशीतले असतात, म्हणून डोक्यातच आलं नाही. मग ग्रासा आणि पायऱ्या सोडा, सुरुवात मार्तीं मुनीझपासूनच करा. पुढचा बायशा भाग सपाट आहे. 1755 च्या भूकंपानंतर तो आखून नव्याने बांधला, म्हणून रस्ते सरळ. संध्याकाळी शियादुला वर जायचं तर बायशा-शियादु मेट्रो स्टेशनच्या सरकत्या जिन्यांनी जा, गुडघ्याला काही करावं लागत नाही. वर मांतेगारिया नावाच्या दुकानात नाताची (अंड्याच्या कस्टर्डच्या छोट्या टार्टची) नवी खेप निघाली की घंटा वाजवतात. ती ऐकली की आत शिरायचं.

पाव_आणि_पावती
एक इशारा. बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. आम्हाला वाटलं पाहुणचार. बिलात प्रत्येक वाटीचे पैसे! याला कुव्हेर म्हणतात. नको असेल तर हात न लावता ‘नाँव, ओब्रिगादा’ म्हणून परत द्या, कुणी वाईट मानत नाही. एका खाणावळीत न खाल्लेल्या चीजचेही पैसे लावले होते. मी तक्रारवही मागितली. ती ठेवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. वही यायच्या आधी दुरुस्त बिल आलं.

शहराच्या पश्चिमेकडच्या बेलेंचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? 1837 पासूनचं दुकान, नाता तिथलाच खरा.

वेंगुर्लेकरीण
बेलेंला जा, पण वेगळ्या सकाळी, मठ बघायला जाल तेव्हा. गोष्ट छान आहे: मठात कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग लागायचा, बलक उरायचे, त्यातून हे गोड पदार्थ आले म्हणतात. 1834 मध्ये मठ बंद झाले आणि तीनच वर्षांत शेजारी विक्री सुरू. पण खायच्या दिवसात तिथलं जाणं-येणं आणि रांग घातली तर आईची दुपार गेली. माझ्या जिभेला तरी शियादुचा गरम नाता बेलेंच्या कोमट नातापेक्षा बरा लागतो. दालचिनी मात्र दोन्हीकडे हात सैल सोडून.

सांगलीची_मिरची
ताई, सगळं लिहून घेतलं. नाता केकमध्ये मोडतो की ताटात, असं आईला फोनवर विचारलं. ती म्हणते, “अंडं दिसतं का?” आणि तिला चार वाजता चहा लागतो, त्याचं काय?

वेंगुर्लेकरीण
दिसत नाही. पण तो पिवळा रंग बघून तिला कळेलच, तिला आधी सांगून ठेव. आणि पाश्तेलारीयाची सरसकट खात्री नको, काही ठिकाणी पारीत डुकराची चरबी असते. ‘बान्या?’ एवढं विचारलंस तरी पुरे.

चहा इथेही ‘शा’च. पण गरम पाण्यात पिशवी बुडवून देतात. दूध वेगळं माग, ‘कों लैत’. आल्याचा उकळलेला हवा असेल तर मौरारियातल्या एखाद्या बांगलादेशी हॉटेलात शिरा, पण मग चारला तिथे असायला हवं, म्हणजे सगळा क्रम उलटा करावा लागेल. आणि रविवार धरू नकोस, बरेचसे टास्का बंद असतात.