पळणाऱ्यांची कॉफी आणि सोलापूरचं ऊन: तुमचं माप काय?

तलावकाठ
आज पूर्व भागातनं जाताना एका घरातून फिल्टर कॉफीचा वास आला आणि आजीचं पितळी फिल्टर डोळ्यांपुढं उभं राहिलं. त्यावरनं हा धागा. सिद्धेश्वर तलाव, पार्क मैदान, कुठंही सकाळी पळणाऱ्यांना विचारा, कॉफीनं अंगातलं पाणी जातं म्हणून उन्हाळ्यात शिवायची नाही असं सांगतात. रोज पिणाऱ्याचं तसं होत नाही. कपातलं बहुतेक पाणी अंगी लागतं. लघवी वाढते ती सवय नसताना किंवा एकदम लई कॅफिन गेल्यावर. पळण्याआधी पाऊण ते एक तास घ्यावी, तेवढ्यात कॅफिन रक्तात चढतं. पण घामाची भरपाई कॉफीवर सोडू नका. तुम्ही किती, केव्हा, कशी घेता ते लिहा.

सपाटचमचा
वजनाच्या किलोमागे ३ मिग्रॅ कॅफिन. ६० किलोला १८०. इन्स्टंटच्या २ ग्रॅम चमच्यात साधारण ६०, म्हणजे तीन चमचे झाले. रिकाम्या पोटी ढवळतं, जुलाबही लागतात. आधी एका चमच्यावर आठवडाभर बघा. शर्यतीच्या दिवशी नवा प्रयोग नको. दिवसाचं सगळं मिळून ४०० च्या आत, गरोदर बाईनं २०० च्या आत. चहा त्यातच मोजायचा, हे विसरतात लोक.

पितळीफिल्टर
मालक, फिल्टरचं गणित वेगळं आहे. २० ग्रॅम पावडर, त्यात ३० टक्के चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी) असेल तर खरी कॉफी १४ ग्रॅमच. चिकोरीत कॅफिन नसतं. अरेबिका जातीच्या कॉफीत साधारण १.२ टक्के, म्हणजे सगळं उतरलं तरी १७० च्या आत, आणि तेही तीन-चार कपांत वाटलं जातं. रोबस्टा जात असेल तर जवळपास दुप्पट. म्हणून दुकानात भाव विचारायच्या आधी मिश्रण विचारा.

चादरवाली
ताईंनो-दादांनो, माझ्या फिल्टरमधनं थेंबच पडेना. पळण्याचं नंतर बोलू, आधी हे सांगा 🙏

घामाचाहिशोब
प्रत्येकाचा घाम वेगळा, तो मोजून घ्या. लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर पळा. अंग पुसून, ओले कपडे काढून परत वजन. ६२.४ चं ६१.२ झालं आणि वाटेत ३०० मिली प्यायलात, तर तासाचा घाम दीड लिटर. ओल्या बनियनसकट काट्यावर चढलात तर आकडा फसवतो. मेमधलं आणि डिसेंबरमधलं माप वेगळं येणार, दोन्ही लिहून ठेवा. नंतर घटलेल्या किलोमागे सव्वा ते दीड लिटर, दोन-तीन तासांत थोडंथोडं. एका दमात नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस पाणी कमी पडलं समजून आणखी पितो. तिथंच घात होतो.

ज्वारीची_आंबील
+१. मीठ पाहिजेच. लिटरभर ताकात चहाचा अर्धा सपाट चमचा. आंबील तर त्याहून बरी, ज्वारीचं पीठ असल्यानं पोटाला आधारही होतो. जुलाब झाले असतील तर मात्र ओआरएसच: एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका. पाणी अश्रूंहून खारट लागलं तर ओतून द्या. बीपीवाल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारून.

रातपाळी
मागावर रातपाळी करणाऱ्यांसाठी. शेडमध्ये पंखा लावत नाहीत, धागा उडतो, म्हणून घाम लई. कॉफी पाळीच्या सुरुवातीला घ्या. सकाळी आठला झोपायचं असेल तर दोननंतर बंद. कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास जातात. नंतरच्या तलफेला ताक.

सपाटचमचा
@रातपाळी बरोबर. आणि जेवणाला लागून नको, लोह कमी शोषलं जातं. तासभर अंतर ठेवा, बायकांनी विशेष.

तलावकाठ
एक राहिलंच. उन्हात कुणी बरळायला लागलं, तोल जायला लागला, अंग तापलं, तर कॉफी-चहा काही पाजू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन.

पितळीफिल्टर
@चादरवाली ताई, पावडर पिठासारखी बारीक आहे का? मग भोकं बुजतात. वरचं भांडं उजेडाकडं धरून बघा. काळे ठिपके दिसले तर ते कॉफीचं तेल साठलंय. गरम पाण्यात खायचा सोडा घालून रात्रभर बुडवा, सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशनं खालनं घासा. भरताना पावडर हलकीच दाबायची. वरनं उकळी बसलेलं पाणी गोल फिरवत ओता, झाकण लावा, १५-२० मिनिटं हात लावू नका.

चादरवाली
पिठासारखीच आहे हो! उद्या रवाळ दळून आणते.