प्रतिसाद: किनारा नका जुळवू, देऊळ-चर्च जुळवा

वर एकांनी लिहिलंय की मुंबईचा जुना नकाशा स्कॅन करून गूगल अर्थवर टाकायचा, ट्रान्सपरन्सी कमी-जास्त केली की झालं काम. दिसायला भारी दिसतं हो, पण बहुतेक जण किनाऱ्याला किनारा जुळवायला जातात आणि इथे किनाराच सरकलाय ना! बॅक बे काय, बॅलार्ड इस्टेट काय, सगळी भरावाची जमीन. त्यापेक्षा जागचं हललं नाही ते पकडा, फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल (1718), आणि नकाशा 1833 नंतरचा असेल तर टाउन हॉल, क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) हेच कंट्रोल पॉइंट, म्हणजे जुन्या आणि आजच्या नकाशावर एकमेकांना जोडायच्या जागा, म्हणून घ्या, वर गिरगाव-भुलेश्वरकडची जुनी देवळं घ्या म्हणजे सगळे पॉइंट एकाच कोपऱ्यात गोळा होत नाहीत.

मग खरी मजा. किल्ल्याचे तट 1860च्या दशकात पाडले, त्यांची रेघ आजच्या रस्त्यांवर उमटते. मूळ चर्चगेट, म्हणजे किल्ल्याचा दरवाजा, जिथे होता तिथे 1864 मध्ये फ्लोरा फाउंटन आलं, म्हणजे आजच्या स्टेशनापासून चांगलंच पूर्वेला, आणि जुन्या नकाशात ओव्हल मैदानाच्या पलीकडे रेल्वेलाईन की लगेच समुद्र, मरीन ड्राइव्हचा पत्ताच नाही.

अजून एक, थिन प्लेट स्प्लाइन (नकाशा रबरासारखा ताणून बसवायची क्यूजीआयएसमधली पद्धत) शक्यतो टाळाच, त्यात प्रत्येक पॉइंट ओढूनताणून तंतोतंत बसतो, एरर शून्य दाखवतो आणि मधल्या गल्ल्या वाकड्या झाल्या तरी कळत नाही. आधी साधं पॉलिनोमियल 1 (सरळ रेघा सरळच ठेवणारी पद्धत) लावून कुठला पॉइंट किती चुकतोय ते बघा.