आईला बेल्स पाल्सी (चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं) झाली आहे, शुगरही आहे. स्टेरॉइड द्यावं का? मदत हवी आहे

आई ६१ वर्षांची, डायबेटिस जुना. काल सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात पाहिलं तर तोंड डावीकडे ओढलेलं. आम्हाला वाटलं अर्धांगवायूच, तसेच उचलून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी हातापायाची ताकद पाहिली, मग कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. उजव्या बाजूला एकही आठी पडेना. मेंदूच्या झटक्यात सहसा कपाळ हलतं आणि खालचा चेहराच लुळा पडतो, इथे कपाळासकट अख्खी बाजू गेली आहे, म्हणजे चेहऱ्याची सातवी नस सुजली आहे, असं ते म्हणाले. बाकी तपासणी ठीक असल्याने सध्या एमआरआय नको म्हणाले.

आदल्या दिवशी कानामागे ठणकत होतं, ते आम्ही मानेवर ढकललं. आता आमटी अळणी लागते म्हणते, आणि कुकरची शिट्टी झाली की उजव्या कानावर हात ठेवते.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहून दिलं आहे आणि पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तरच खरा उपयोग असं बजावलं आहे. पण कालची शुगर २४० होती, त्यामुळे बाबा गोळी सुरूच करू देत नाहीत. मावशीच्या मते पंख्याचं वारं लागलंय, गावाकडचा लेप लावा. शेजारच्या काकू रोज फुगे फुगवायला आणि चेहऱ्याला विजेचा करंट घ्यायला सांगतात. डोळा मिटत नाही, झोपेतही डोळ्याचा पांढरा भाग दिसत राहतो, ते बघवत नाही.

कुणाच्या घरी शुगर असताना स्टेरॉइड दिलंय का? डोळ्याचं काय करता?

प्रतिसाद:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट नेहमी येतात. बाबांची भीती खरी आहे, स्टेरॉइडने शुगर चढते. पण म्हणून गोळी घरी बसून अडवू नका, आजच डॉक्टरांना फोन करून २४० चा आकडा सांगा. ते शुगरची औषधं तेवढ्या दिवसांपुरती वाढवतात किंवा इन्सुलिन देतात. सकाळी स्टेरॉइड घेतलं की शुगर दुपारनंतर जास्त चढते, तेव्हा फक्त उपाशीपोटीची बघून निश्चिंत होऊ नका.

मला जास्त काळजी डोळ्याची वाटते. चेहरा बहुतेकांचा परत येतो, पण कोरडं पडून बुबुळाला जखम झाली तर ते महागात पडतं. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळ्याचं मलम आणि पापणी मिटवून वरून टेप. नुसती कापसाची घडी ठेवू नका, आत डोळा उघडला तर ती घासते. लाली किंवा दुखणं आलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

फुगे आणि च्युइंगम नको. करंटचा फायदा नीट सिद्ध झालेला नाही. हालचाल परत यायला लागली की आरशासमोर हलक्या हाताने व्यायाम, ते कुणाकडून तरी शिकून घ्या. लेप डोळ्याजवळ नेऊ नका. आणि कानात फोड आहेत का ते आजच बघा. असतील तर ती नागीण असू शकते, तिला व्हायरसवरचं औषधही लागतं.

बहुतेकांना २-३ आठवड्यांत फरक दिसतो, काहींना काही महिने लागतात. ३ महिन्यांत काहीच हललं नाही तर पुन्हा तपासणी. हातपाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर मात्र वाट न बघता थेट इमर्जन्सीत.

धागाकर्ती:
कानात फोड नाहीत. डॉक्टरांशी बोलले, शुगरची औषधं वाढवली आणि बाबांसमोरच पहिली गोळी दिली. टेप कुठली आणू? घरातल्या चिकटपट्टीने पापणीची कातडी ओढली जाते.

प्रतिसाद:
ती लगेच काढा. मेडिकलमध्ये कागदी सर्जिकल टेप मागा. पापणी आधी पूर्ण मिटवून घ्या, मगच चिकटवा, आणि सकाळी काढताना पाण्याने भिजवा.