विधवा प्रथा: नवा विचार एकट्या माणसाचा असतो की समाजाचा?

कृष्णाकाठ: काका गेले तेव्हा तिरडी उचलायच्या आधी दोन बायका काकूच्या बांगड्या फोडायला पुढे आल्या, तर माझी चुलत बहीण मध्ये उभी राहिली, आईच्या हाताला कुणी हात लावायचा नाही म्हणाली. सगळे गप्प. बांगड्या राहिल्या. पण तेराव्यानंतर काकूने स्वतःच त्या काढून कपाटात ठेवल्या, लोक बघतात गं म्हणाली. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, बहिणीला हे सुचलं ते तिचं स्वतःचं की बाहेर कुठेतरी बदललेलं होतं म्हणून तिला बळ आलं?

पाऊलवाट: माझ्या मते सुरुवात एकट्यानेच होते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं तर मुरुडला गावाने वाळीत टाकलं. समाजाच्या भरवशावर बसले असते तर काय झालं असतं? आणि त्याच माणसाला १९५८ मध्ये भारतरत्न. समाज मागून येतो, तोही लई उशिरा.

शेवंता: @पाऊलवाट थांबा जरा, गोदूबाईंना का विसरताय? त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेत शिकत होत्या, ते १८८९ ला सुरू झालेलं. विधवा पुनर्विवाहाचा कायदा तर १८५६ चा, आणि तो काय कर्व्यांनी केला नव्हता. मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं तेही कर्व्यांच्या लग्नाच्या आधीचं. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला, हे मला फार मोठं वाटतं. एकट्याचं धाडस खरंच, पण पायाखालची जमीन आधी बऱ्याच जणांनी तुडवून ठेवलेली असते.

शिरोळकर: आमच्या शिरोळ तालुक्यातलंच सांगतो. हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. त्यामागे करमाळ्याचे समाजसेवक प्रमोद झिंजाडे यांचा आग्रह होता, पण कोरोनात तरुण बायका विधवा झालेल्या घरोघरी दिसत होत्या म्हणून लोकांच्या मनाला ते भिडलं असं मला वाटतं. आता एक खरं बोलतो, ठरावाने बांगड्या वाचतात पण हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही, ते शेजारणीच्याच हातात आहे.

कृष्णाकाठ: शिरोळकर, शेवटचं वाक्य अगदी लागलं. काकूच्या बांगड्या कपाटात का गेल्या ते कळलं, बहिणीने एकदा अडवलं पण नंतर रोज दारात येणाऱ्या बायका त्याच होत्या ना. संक्रांतीला बहीण काकूला वाण देणार आहे. मी आधीच समोरच्या दोघींकडे जाऊन बसते, त्यातली एक बांगड्या फोडायला आलेलीच आहे, तिलाच म्हणणारे की काकूला बोलवायला तुम्ही जा.