'लाफिंग स्टॉक' हा झोपेचा अल्बम नव्हे

परळ वर्कशॉप
काल या फोरमवर टॉक टॉक या इंग्लिश बँडबद्दल एक पोस्ट पडली: "टॉक टॉकचा 'स्पिरिट ऑफ ईडन' ऐकला असेल तर पुढचा 'लाफिंग स्टॉक' ऐकायची गरज नाही. सामान तेच, फक्त जास्त झोपाळू. पावसात खिडकीशी बसून लावायला बरा." ही शिफारस वाचून कुणीतरी तो मागे लावून ठेवणार, भांडी घासणार आणि "यात काहीच नव्हतं" म्हणून कायमचा बंद करणार. आधीच हा अल्बम दुर्लक्षित आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

हा ड्रमचा अल्बम आहे. 'आफ्टर द फ्लड'मध्ये बँडचा ड्रमर ली हॅरिस साडेनऊ मिनिटं जवळपास एकच ठेका धरून बसतो आणि बाकी सगळं त्याच्यावर येतं-जातं. कॅन बँडचा ड्रमर याकी लीबेत्साइट याची वाट आहे ती. ध्वनिमुद्रण करणाऱ्या फिल ब्राऊनने माइक ड्रमला चिकटवले नाहीत, लांब ठेवले, म्हणून कातड्याबरोबर स्टुडिओची खोलीही ऐकू येते. त्याच गाण्यात एका स्वरावर मिनिटभर चिरकत राहणारा सोलो आहे. 'असेन्शन डे'ची गिटार अंगावर येते, चढत जाते आणि ऐन भरात टेप कात्रीने कापावी तशी तुटते. हळूहळू विरणं (फेड) नाही, शेवटचा कॉर्ड नाही. यात झोप कुठे आहे?

आणि "सामान तेच" हेही चूक. 'ईडन' 1988चा, ईएमआयचा. त्यात कॉयर (गायकवृंद) आहे, पहिली तीन गाणी एकमेकांत विरघळतात. 'लाफिंग स्टॉक' 1991चा, पॉलिडोरच्या व्हर्व लेबलवर. तोवर बास वाजवणारा पॉल वेब बाहेर पडला होता, त्याच्या जागी सायमन एडवर्ड्स आणि अर्नेस्ट मोथ्ले यांचे अकूस्टिक बास आले. कॉयर गेला, तंतुवाद्यांत व्हायोला आणि चेलो उरले. म्हणून मधल्या स्वरांचा पट्टा गडद आणि वरच्या स्वरांचा भाग मोकळा आहे. तिथे गायक मार्क हॉलिसचा आवाज एकटा उभा राहतो.

विक्रोळी पूर्व
ड्रमचं मान्य. पण "दुर्लक्षित, दुर्लक्षित" हे रडगाणं आता पुरे. पोस्ट-रॉकची (रॉकची वाद्यं घेऊन रॉकच्या साच्याबाहेर जाणाऱ्या संगीताची) वंशावळ मांडायला बसलेला प्रत्येक जण सुरुवात याच अल्बमपासून करतो. ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या यादीत तो 26व्या क्रमांकावर गेला होता. खरंच दुर्लक्षित म्हणायचं तर हॉलिसचा 1998चा एकट्याचा अल्बम म्हणा. आणि पहिल्या गाण्याच्या, 'मिरमन'च्या, सुरुवातीला अॅम्प्लिफायरची नुसती हिस् ऐकवतात, तिला कला म्हणून नमस्कार करायला मी तयार नाही.

परळ वर्कशॉप
समीक्षकांनी डोक्यावर घेणं वेगळं आणि लोकांनी ऐकणं वेगळं. '86चा 'द कलर ऑफ स्प्रिंग' 8व्या क्रमांकावर होता, 'ईडन' 19, हा 26. प्रत्येक अल्बमला श्रोते गळत गेले. राहिली हिस्. ती म्हणजे खोलीची पातळी आहे. पुढचा प्रत्येक आवाज तिच्यापासून मोजायचा.

हार्बर स्लो
मला यात सरळ आलाप दिसतो. स्वर लावायचा, थांबायचं, शांतता बोलू द्यायची. आपल्याकडच्या श्रोत्याला हा अल्बम त्यामुळे जवळचा वाटायला हवा.

गिरगाव ट्राम टर्मिनस
कृपा करून हे थांबवा. कुठेही दोन सेकंद शांतता दिसली की आलाप! आलाप एका बैठकीत, एका रागाच्या चौकटीत, गाणाऱ्याच्या डोक्यात वाढतो. इथली शांतता संकलनाच्या टेबलावर तयार झाली आहे. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत काही महिने वादकांना बोलावून मोकळं वाजवायला सांगितलं, त्यातलं बहुतेक पुसून टाकलं आणि उरलेले तुकडे हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन यांनी जागेवर बसवले. ही टाकून देण्याची कला आहे. तिचं श्रेय आलापाला देऊ नका.

हार्बर स्लो
पद्धत वेगळी आहे हे मलाही कळतं. कानावर होणाऱ्या परिणामाबद्दल बोलत होतो. चिडायचं कारण नव्हतं.

सायन सिग्नल
मूळ पोस्टवाल्याला झोप का आली याचं कारण अॅपमध्ये आहे. स्पॉटिफायचं नॉर्मलायझेशन (गाण्यांचा मोठेपणा आपोआप सारखा करणारी सेटिंग) 'नॉर्मल'ला गाणं -14 एलयूएफएसला (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं एकक) आणतं. अल्बम क्रमाने लावला तर सहाही गाण्यांना एकच वाढ मिळते, उतार-चढाव शाबूत राहतात. पण 'मिरमन' प्लेलिस्टमध्ये टाकलं किंवा शफल लावलं की प्रत्येक गाण्याचा हिशेब वेगळा. 'टॅपहेड' आणि 'असेन्शन डे' यांच्या उंचीतलं अंतर कमी होतं. 'लाउड' निवडलं तर वर लिमिटर बसतो, म्हणजे मोठे आवाज दाबले जातात. तेव्हा:

नॉर्मलायझेशन बंद. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्य, नाहीतर 'असेन्शन डे'चा काप पुढच्या गाण्यात मिसळतो आणि अर्थच जातो. आवाज 'मिरमन'वर ठरवू नका, तिथे तो सगळेच जास्त ठेवतात. 'असेन्शन डे'चं शेवटचं मिनिट लावा, कानाला सोसेल तितकं ठेवा, मग नॉबला हात न लावता पहिल्यापासून सुरू करा. पंखा बंद, निदान एकवर. पाचवर फिरणाऱ्या पंख्याखाली शेवटचं गाणं 'रुनाय' उरतच नाही. लोकलमध्ये तर नकोच: नॉइज कॅन्सलिंग चाकांची घरघर कापतं, पण माणसांचे आणि घोषणांचे आवाज पुरते कापत नाही.

गिरगाव ट्राम टर्मिनस
एवढा खटाटोप करण्यापेक्षा एलपी घ्या.

सायन सिग्नल
या अल्बमची एलपी? दुसरी बाजू 22 मिनिटांची आणि सगळ्यात हळू आवाजाचं 'रुनाय' अगदी लेबलाजवळ. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, आत येईपर्यंत 21. तपशील तिथेच सगळ्यात कमी आणि धुळीची कडकड तिथेच सगळ्यात उघडी. सीडीला 96 डेसिबलची जागा आहे, एलपीला साधारण 60-70. शांततेवर उभ्या अल्बमसाठी सीडीच.

गिरगाव ट्राम टर्मिनस
आकडे फेकून ऐकणं होत नाही. कडकड येते ती तबकडी न धुतल्यामुळे. मुंबईत जूनपासून कपाटात बुरशी धरते, लोक ती कोरड्या फडक्याने पुसतात आणि खाचेत आणखी आत ढकलतात. एक भाग आयसोप्रोपिल, चार भाग डिस्टिल्ड वॉटर, भांडी धुण्याच्या द्रवाचा एक थेंब. खाचेच्या दिशेने ब्रश, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. नळाचं पाणी नको, सुकल्यावर क्षार खाचेत राहतात. लाखेच्या जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीला मात्र अल्कोहोल अजिबात लावू नका, ती विरघळते. आतलं कागदी पाकीट फेका, ओल तेच धरून ठेवतं, पॉलिथिनचं वापरा. पीव्हीसीची जाड बाहेरची कव्हरंही नकोत, उकाड्यात तबकडीवर धुकट डाग पाडतात.

विक्रोळी पूर्व
धागा अल्बमचा होता की बुरशीचा?

गिरगाव ट्राम टर्मिनस
ऐकण्याची वस्तूच सडली तर मत कशावर देणार? रिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान 2016ला बंद झालं, आता काळ्या घोड्याला जाऊन नवी प्रत उचलता येत नाही. चोर बाजारात जे मिळतं ते धुवूनच ऐकावं लागतं. हा प्रश्न मुंबईकराला टाळता येत नाही.

सायन सिग्नल
धुतल्याने धूळ जाते, आतल्या खाचेचा वेग वाढत नाही. बुरशीबद्दलचं मात्र सगळं बरोबर आहे, सेव्ह केलं.

परळ वर्कशॉप
मूळ मुद्द्यावर या. मूळ पोस्टवाल्याने अजून एकही गाणं नाव घेऊन झोपाळू म्हटलेलं नाही.

विक्रोळी पूर्व
मूळ पोस्ट माझी नाही, पण मी घेतो नाव: 'न्यू ग्रास'. 9 मिनिटं 40 सेकंद. ड्रम झुलतो, ऑर्गन थांबून थांबून येतो आणि गाणं कुठेच पोचत नाही.

परळ वर्कशॉप
तीन गाण्यांच्या ताणानंतर आणि 'टॅपहेड'च्या त्या चढावानंतर तो ठेका मोकळा होतो, हेच पोचणं आहे. ते गाणं सुटं ऐकलं तर लांब वाटणारच. पाचव्या जागेवर ऐका.

विक्रोळी पूर्व
ठीक. नॉर्मलायझेशन बंद करून, पंखा बंद करून, क्रमाने ऐकेन. 'असेन्शन डे'चा काप जबरदस्त आहे हे आत्ताच लिहून देतो, तो अॅपवर माझ्याकडे क्रॉसफेडमध्ये मिसळत होता. पण 'न्यू ग्रास' दोन मिनिटांनी लांब आहे, हे मत तूर्त तसंच.

परळ वर्कशॉप
कोणती दोन मिनिटं कापायची ते वेळ टाकून लिहा. मग बोलू.