लसींबद्दल विचारलं की सगळ्या आया "दिल्या की" म्हणतात. आता काय करू?

प्रश्न: एमएसडब्ल्यूची (समाजकार्य) विद्यार्थिनी, खानापूर
तोंडाने "दिल्या", पण थायी कार्डावर (कर्नाटकातलं आई-बाळाचं कार्ड) ६ आठवड्यांच्या पेंटानंतरचे (पाच रोगांवरची एकत्र लस) रकाने कोरे. १० आणि १४ आठवड्यांचे डोस कुठे गेले? गाइड म्हणतात, एथ्नोग्राफी कर, म्हणजे लोकांत राहून बघ. म्हणजे मुलाखती लांबवायच्या का?

उत्तर: निवृत्त नर्सबाई, निपाणीकडच्या
अजिबात नको. हातात वही दिसली की तुम्ही आमच्यातल्याच झालात, आणि आम्हाला त्या कधी खरं सांगत होत्या?

गुरुवारी लसीच्या वेळी अंगणवाडीत बसा, पण आमच्या टेबलाजवळ नको, बायका चपला काढतात तिथं. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची बाटली एकदा कालवली की ४ तासांत संपवायची, उरलेली टाकायची. म्हणून काही जणी पुरेशी पोरं जमल्याशिवाय बाटली फोडत नाहीत. "पुढच्या गुरुवारी ये" ऐकून परतलेली बाई रजिस्टरात मात्र 'आली नाही' अशीच लागते. तिच्याबरोबर घरापर्यंत चालत जा. तिची मजुरी बुडालेली असते, वर दारात सासू, "टोचलं न्हाई? मग गेलीस कशाला?"

पेंटानंतरची रात्रही बघा. ताप येतो, मांडी सुजते. पोर रडायला लागलं की कोण उठतं, कोण बोल लावतं, सकाळी भांगलणीला कोण जातं? पुढचा डोस तिथंच ठरतो. अहवालात 'अज्ञान' लिहिणारे त्या वेळी घोरत असतात, माफ करा.

उत्तर: माहेर गडहिंग्लज, सासर संकेश्वर
कार्ड कुठं ठेवलंय तेही विचारा. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, बीसीजी तिथंच, कार्डही तिथंच राहिलं. इथं "आधीचं दाखवा" म्हणाले. आईनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तेव्हा पुढचं टोचलं.

प्रश्नकर्ती: ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या आया गुरुवारी भेटतील का?

नर्सबाई: कुठल्या भेटतात! पहाटे अंधारातच फडात गेलेल्या असतात. २०१४ ला मिशन इंद्रधनुष ही सरकारची लसीकरण मोहीम निघाली ती अशाच सुटलेल्या पोरांसाठी. खोपीवर संध्याकाळी जा, भाकरी थापताना बोलतात. आणि गावात सुनेनं सांगितलेलं सासूपुढं काढू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी दार उघडणार नाही.