उ: निर्गुडीचा अर्क आणि नायट्राइट

वरच्या पोस्टमध्ये मेळघाटातल्या निर्गुडीच्या अर्काने रॉ 264.7 पेशींत (उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी) नायट्राइट, म्हणजे पेशींनी बनवलेल्या नायट्रिक ऑक्साइडचं माप, निम्म्यावर आल्याचं लिहिलंय. पण पेशी जिवंत होत्या का? मेलेल्या पेशीही नायट्रिक ऑक्साइड बनवत नाहीत, म्हणून त्याच प्लेटवर एमटीटी चाचणी (जिवंत पेशी हा पिवळा रंग जांभळा करतात) हवीच. त्यातही गोम आहे: अर्कातली पॉलिफेनॉलं पेशींशिवायही एमटीटी जांभळी करतात. अर्क काढून टाका, पीबीएसने (फॉस्फेट-मिठाच्या बफर द्रावणाने) दोनदा धुवा, मगच एमटीटी घाला. आणि पेशी नसलेले, फक्त अर्काचे वेल (प्लेटमधले खळगे) ठेवा. नायट्राइट मोजणाऱ्या ग्रीस चाचणीतही 540 नॅनोमीटरला अर्काचा रंग वजा करावा लागतो.

डीएमएसओ (अर्क विरघळवणारा द्रावक) शेवटी 0.1 टक्क्याच्या आत, तेवढाच कंट्रोलमध्येही. अर्क एलपीएसच्या (पेशींना चेतवणाऱ्या, जिवाणूंच्या आवरणातल्या द्रव्याच्या) तासभर आधी, मग 24 तास.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच. पाला शेणाने सारवलेल्या अंगणात वाळतो, म्हणजे एंडोटॉक्सिन (शेणातल्या जिवाणूंचं तेच एलपीएस) फुकटात! काढ्यात ते जास्त उतरतं, आणि उकळून किंवा ऑटोक्लेव्ह करूनही जात नाही. एलपीएस न घातलेल्या, फक्त अर्काच्या वेलमध्ये नायट्राइट वाढलं आणि एंडोटॉक्सिनला बांधून निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन बी घातल्यावर उतरलं, तर ते निर्गुडीचं नाही, अंगणाचं समजा. पाला जाळीच्या खाटेवर सावलीत वाळवा.